चाळीस पट्ट्यांची घोंगडी

एक होता राजा आणि त्याला सारखी थंडी वाजायची. अंगावर सहा शाली, पायाशी तीन शेगड्या, तरी दात कडकडा वाजत. वैद्य म्हणाला, "महाराज, ही थंडी आतली आहे." मग राजानं वैद्य बदलला. राजांना तेवढं येतं.

पाय आत घे गं चिमे, गोष्ट थंडीची आहे.

तर मग प्रधान म्हणाला, "माळावरचे धनगर उघड्यावर निजतात, त्यांना नाही वाजत. घोंगडी मागवू."

त्या माळावर जकाप्पा धनगर मेंढरं राखायचा आणि शेजारी मायाक्का घोंगड्या विणायची. नवरा गेल्यावर ती स्वतःच मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसली. लोकांनी तीन दिवस नावं ठेवली आणि चौथ्या दिवशी घोंगडी मागायला आले. लोकर जकाप्पाची, हात मायाक्काचे. दोघांचा नियम एकच. पौषात मेंढराला कातर लावायची नाही.

मग मायाक्कानं राजाला काळीभोर घोंगडी विणून दिली. राजा म्हणाला, "टोचते." आता घोंगडी टोचणारच, बरं का. टोचली नाही तर ती दुसरंच काहीतरी असते.

मग तिनं दुसरी विणली. घरात थोडं जावळ होतं. जावळ म्हणजे कोकरांची पहिली लोकर, सावरीच्या कापसासारखी मऊ. ती पुरली गुडघ्यांपुरती. राजा म्हणाला, "गुडघे सुखात आहेत. वरच्या राजाचं काय?"

मग तिसरा हुकूम निघाला. डोक्यापासून पायापर्यंत तशीच मऊ घोंगडी हवी, आणि आठ दिवसांत हवी. प्रधानानं हुकमात कोकरांचं नावसुद्धा घेतलं नाही, 'मऊ लोकर' एवढंच लिहिलं. हुकूम लिहिताना अशी काळजी घेतात.

तेव्हा नेमका पौष लागला होता.

मायाक्का चालत दरबारात गेली. म्हणाली, "महाराज, फाल्गुन लागू द्या. आत्ता कातरलं तर कोकरं मरतील."

राजा म्हणाला, "आणि तोवर मी मेलो तर?"

प्रधान म्हणाला, "बाई, मेंढरांना थंडीची सवय असते."

"सवय लोकरीची असते, प्रधानजी. थंडीची कुणालाच नसते."

प्रधानानं उत्तराऐवजी शिपाई पाठवले. त्यांनी जकाप्पाची चाळीस कोकरं कातरली आणि लोकर मायाक्काच्या दारात टाकली. विणली नाहीस तर मागच जाळू, म्हणाले. माग गेला तर मायाक्का खाणार काय? ती विणायला बसली.

कोकरं काळी, करडी, तांबूस. रंग मिसळून चट्टे दिसायला नकोत, म्हणून तिनं प्रत्येक कोकराची लोकर वेगळी कातली आणि एकेकाचा एकेक पट्टा विणला. चाळीस पट्टे.

आणि काय सांगू, घोंगडी मागावरच थरथरायला लागली. वारा नाही, कुणाचा हात नाही, तरी थरथर. बाहेर कोकरं कुडकुडत होती, तशीच.

मग एक काळा पट्टा एकाएकी निश्चल झाला. बाहेरून जकाप्पा म्हणाला, "काळं गेलं." पुन्हा एक पट्टा थांबला. "कानावर ठिपका होता ते गेलं." तो दोन कोकरं काखेत, दोन मांडीवर घेऊन बसला होता. माणसाला मांड्या दोनच असतात.

"मायाक्के," तो म्हणाला, "तुझा माग थांबव. पिलांना वाटतं, आपली लोकर परत येतेय."

आठव्या दिवशी घोंगडी पुरी झाली. बारा पट्टे निश्चल होते, अठ्ठावीस थरथरत होते. मायाक्कानं जन्मात विणलेल्या घोंगडीला कात्री लावली नव्हती. तिनं कात्री उचलली आणि पट्टा न् पट्टा वेगळा केला. मग बाहेर जाऊन ज्याचा पट्टा त्याच्या पोटाला गुंडाळून टाके घातले. पट्टा अंगाला लागला की थरथर थांबायची आणि कोकरू डोळे मिटायचं. अठ्ठावीस कोकरं झाली. जकाप्पा बघत राहिला. बोलला मात्र नाही.

उरलेले बारा पट्टे तिनं जोडले आणि राजाकडे नेले. "कमी भरते, महाराज. पण याहून मऊ मिळायची नाही."

राजानं ती अंगावर घेतली आणि त्याची थंडी गेली. दरबारानं टाळ्या वाजवल्या. मग त्याला ऊन लागेना. मग जेवणाची चव कळेना. मग राणी रडली तरी काही वाटेना. मायाक्कावर रागवायचंही राहून गेलं. रागवायला आधी काहीतरी वाटावं लागतं. घोंगडी काढावी असंही त्याला कधी वाटलं नाही. राज्य होतं तसंच चाललं. राजाला काही वाटत नाही, हे पुष्कळ वर्षं कुणाच्या लक्षातच आलं नाही.

इकडे फाल्गुन लागला. कोकरांच्या अंगावर नवी लोकर आली आणि पट्टे आपोआप गळून पडले. जकाप्पानं ते गोळा केले, मायाक्काच्या दारात ठेवले आणि दोन महिन्यांनी पहिल्यांदा बोलला, "चिंचोक्याची खळ शिजवली आहेस का? वास येत नाही."

"आज शिजवते," ती म्हणाली. खळ लावून ताठ केल्याशिवाय सूत मागावर चढत नाही, बरं का.

मग जकाप्पा, मायाक्का आणि अठ्ठावीस कोकरं सुखानं राहिली. बारा त्यात नव्हती. तेही सांगायला हवं, नाहीतर गोष्ट खोटी होते.

आता डोळे मिटा. टोचली तरी घोंगडी अंगावर राहू द्या.