राजांची दोन जेवणं

उग्रसेनराजांना घोड्यावर चढायला शिडी लागू लागली, तेव्हा ते राजवैद्य केशवशास्त्र्यांवर खवळले. "आम्ही दिवसातून दोनदाच जेवतो, तरी वजन वाढतंच आहे. तुमचं औषधच खोटं! उद्या दरबारात खुलासा करा, नाहीतर राज्य सोडा."

खरी गोष्ट साऱ्या राजवाड्याला ठाऊक होती. दोन जेवणांच्या मध्ये राजांपुढचं चिवड्या-करंज्यांचं तबक कधी रिकामं होत नसे. पण राजांना खोटं कोण म्हणणार? शिवाय राजे खात असताना कोणी फिर्याद मांडायची नाही, असा रिवाज होता. त्यामुळे देवडीवर लोक दिवसदिवस ताटकळत.

दुसऱ्या दिवशी शास्त्री हात जोडून म्हणाले, "महाराज दोनदाच जेवतात, हे अगदी खरं. मग तशी दवंडीच पिटवा, की ती दोन जेवणं सोडून बाकी सारा वेळ दरबार रयतेला खुला आहे."

करंजीकडे गेलेला राजांचा हात थांबला. नाही म्हणावं तर स्वतःचाच शब्द खोटा ठरत होता. "पिटवा," ते पुटपुटले.

लोकांची रीघ लागली. सुरुवातीला राजे भुकेनं चिडचिडले. मग एका म्हातारीला तिची बळकावलेली विहीर त्यांनी परत मिळवून दिली आणि तिनं भरल्या डोळ्यांनी त्यांना आशीर्वाद दिला. त्या दिवशी राजांना तबकाची आठवणही झाली नाही.

दिवाळीत सैल झालेला कंबरपट्टा आवळत राजे म्हणाले, "शास्त्रीबुवा, तुमचं औषध भलतंच लागू पडलं!"

"ते मी दसऱ्यालाच बंद केलं, महाराज."

राजे खळखळून हसले आणि त्यांनी पुढच्या फिर्यादीला आत बोलावलं.