दोन हाकांचा पऱ्या

मघाशी तुम्ही खाली पऱ्यापाशी, म्हणजे या ओढ्यापाशी, उभे राहून रस्ता विचारायला हाक मारलीत आणि वरच्या सगळ्या घरांतून एकदम ओ आला, तेव्हा दचकलात ना? दचकतात सगळेच. आमच्या वाडीत हाकेला कुणी ताटकळत ठेवत नाही. तोंडात घास असला तरी पहिल्या हाकेला ओ द्यायचा. बाजारात आमच्या माणसाला मागून कुणीही हाक मारावी, हा वळणारच. खालच्या गावातली टारगट पोरं हाका मारून लपतात आणि आमची टर उडवतात. उडवू देत. या, ओटीवर टेका, पाणी घ्या. दारामागे खुंटीला दोर दिसतोय तो विहिरीचा नाही. असा दोर इथं घरटी एक आहे आणि त्याला दुसऱ्या कामासाठी कुणी हात लावत नाही.

माझ्या आजीच्याही आजीच्या काळी इथं तीनच घरं होती असं सांगतात. कुडाच्या भिंती, वर पेंढ्याचं छप्पर. पऱ्यावर पूल कुठला, माडाचे दोन ओंडके टाकून केलेला साकव होता. आदल्या साली पटकीची साथ येऊन गेली होती. गेलेली माणसं अंधारून आलं की नाव घेऊन हाका मारतात, त्यांना ओ दिला की आपणही गेलो, असा धसका सगळ्या मुलखाने घेतला होता. पण मेलेल्याला दोनदाच हाक मारता येते म्हणे. तिसरी हाक आली तर ती जित्या माणसाची. म्हणून लहानथोर सगळे हाका मोजत. तुम्हाला हसू येईल, पण ज्यांच्या दारातून महिन्यात चार तिरड्या निघाल्या त्यांना येत नव्हतं.

मधल्या घरात राघो, त्याची बायको येसू आणि अडीच वर्षांचा धाकू राहत. धाकूच्या वरची दोन मुलं साथीत गेली होती. त्यामुळे येसू याला खाली ठेवायलाही भीत असे.

आश्विन संपत आला होता, कापलेलं भात मळ्यात पडलं होतं. दुपारी वारा एकाएकी पडला. मग समुद्राच्या अंगाने आभाळ काळं होत वर चढलं आणि भरदिवसा घरात दिवा लावायची पाळी आली. राघोची गाभण गाय पऱ्यापलीकडे चरायला गेली होती. त्याने इरलं डोक्यावर घेतलं.

"दार लावून घे," तो म्हणाला. "पोरग्याला सोडू नको. मी येऊन तीन हाका मारीन. तिसरीला उघड."

"आनि पऱ्याला पानी चढलं तर?"

"चढायच्या आत येतो. पन तीन हाका, येसू. त्याच्या आधी कोन बी येवदे, कडी काढू नको."

तो गेला आणि थोड्याच वेळात वादळ फुटलं. छपराचा पेंढा मुठीमुठीने उडू लागला, एक वासा मोडून चुलीवर आला. येसूने जात्याची तळी ओढत नेऊन दाराला लावली, धाकूला पदराने पोटाशी बांधलं आणि न गळणाऱ्या एका कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून ती बसली. पोराच्या अंगावर औषधालासुद्धा कोरडं काही राहिलं नव्हतं.

तेवढ्यात पऱ्याच्या बाजूने हाक आली. "येसू गे."

धाकूने मान वर केली. "बा," तो म्हणाला. लेकराला मोजता कुठं येत होतं. त्याला आवाज ओळखता येत होता, तेवढंच. तो ओ देणार, इतक्यात येसूने त्याच्या तोंडावर हात दाबला.

"गप. अजून नाय."

दुसरी हाक आली, लांबवलेली. धाकू हाताला चावला, तरी तिने हात काढला नाही. मात्र ती उठली. अंगाशी बांधलेल्या पोरासकट दारापाशी गेली, तळी पायाने बाजूला सारली आणि कडीवर हात ठेवून उभी राहिली. आता फक्त एक हाक यायची होती. वारा पडेपर्यंत ती तशीच उभी होती म्हणतात.

दिवस मावळायच्या आधी पाऊस उघडला. अंगणात गाय उभी होती. साकव वाहून गेला होता. अलीकडच्या काठाला, घरापासून पन्नास पावलांवर, करंजाच्या मुळांत राघोचं इरलं अडकलं होतं आणि मुळाची साल नखांनी सोलून निघाली होती. गाय काठावर चढवून तो मागे राहिला असणार. वरून कुणी दोर टाकला असता तर तो घरी आला असता. त्याला खाडीच्या तोंडाशी, तिसऱ्या दिवशी काढला.

येसूला कुणी एक शब्द बोललं नाही. बोलायला तोंड कुणाला होतं? वरच्या घरातला लुको म्हातारा तिच्या अंगणात येऊन खाली बसला आणि म्हणाला, "मी बी आयकल्या. दोन मोजल्या." शेवटच्या घरातही दोनच मोजल्या होत्या. तिन्ही घरांत दोर खुंटीला होते. जुनी माणसं सांगत, दोन हाकांनी कुणी उठणार नाही हे राघोलाही ठाऊक होतं. तिसरीसाठी दम गोळा करतानाच त्याचा हात सुटला असेल. मला हे सांगताना दरवेळी वाईट वाटतं.

धाकू त्या दिवसापासून बोलेना. वर्ष गेलं. पुढच्या आश्विनात पुन्हा तसंच वारं सुटलं, येसूने दार लावून पोराला जवळ घेतलं. बाहेर कुणाचीच हाक नव्हती. तरी धाकू तिच्या हातातून निसटला, दारापाशी जाऊन उभा राहिला आणि मोठ्याने म्हणाला, "ओ."

येसूचा हात त्याच्या तोंडाकडे गेला, आणि मध्येच थांबला म्हणे. तिने कडी काढली, पाऊस घरात आला, आणि तिनेही ओ दिला. मग वरच्या घरातून लुकोने दिला, मग शेवटच्या घराने. कुणाला, ते कुणी विचारलं नाही.

आजही वादळ आलं की घरातल्या बोलत्या पोरांतलं सगळ्यात लहान पोर उंबऱ्याशी उभं करतात. आधी ते ओ देतं, मग सगळी वाडी. पोराच्या तोंडावर हात ठेवणारं माणूस इथं सापडणार नाही. तुम्ही आता उतराल, तेव्हा पऱ्यापाशी वाट चुकलात तर खुशाल हाक मारा. एकदा मारा, हवं तर दहादा मारा. फक्त दोनदा मारून गप्प राहू नका.