हरवलेला घाट

“आवाज येतोय ना सर? मग चित्र कुठं मरायला गेलंय?”

सुयोग पोवारने विचारलं खरं, पण त्याला उत्तर नकोच होतं. ‘होय बाबा, हे अवघडच आहे,’ एवढं कुणीतरी म्हणायला हवं होतं.

मुजावर सर शेजारच्या खुर्चीत बसले.

कॉम्प्युटरचा पडदा काळा ठिक्कर होता आणि त्या काळोखात एका ट्रकचं इंजिन घुरघुरत होतं.

गडहिंग्लजमध्ये पहिला कॉम्प्युटर क्लास काढला तो मुजावर सरांनी. सकाळी दर्ग्यातली दिवाबत्ती, दुपारी क्लास. सुयोग त्यांचा सगळ्यात हुशार विद्यार्थी, आणि हे त्याला कुणी सांगावं लागत नसे. आता तो पुण्याच्या एका कंपनीचं काम घरी बसून करी आणि सर भेटले की ‘तुमच्या वेळचं आता काही राहिलं नाही सर’ असं हसत हसत ऐकवी.

आज त्यानेच फोन करून सरांना बोलावलं होतं. सगळे उपाय संपले होते.

आप्पा, म्हणजे सुयोगचे वडील. दूध संघाचा टँकर चालवण्यात जन्म गेलेला माणूस. अर्धांगवायूने त्यांची वाचा गेली आणि उजवा हात लुळा पडला. हात हलता ठेवा, नाहीतर कायमचा जाईल, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. त्यांनी दाबायला दिलेला रबरी चेंडू आप्पांनी डाव्या हाताने खिडकीतून बाहेर भिरकावला.

मग सुयोगला ट्रक चालवायचा एक जुना गेम आठवला. त्याने आप्पांसमोर खेळातलं स्टिअरिंग ठेवलं, आणि तो लुळा हात आपणहून त्यावर गेला. तेव्हापासून रोज सकाळी गेममधला घाट. रोज बोटं जराशी जास्त वळायची.

सगळं सुरळीत चाललेलं सुयोगला बघवेना. चित्र आणखी झकास दिसावं म्हणून त्याने कॉम्प्युटरवर नवी ऑपरेटिंग सिस्टीम चढवली. चित्रच गेलं.

तेव्हापासून आप्पांचा हात उशीवर पडून होता.

“काय काय केलंस?” सरांनी विचारलं.

“काय नाही केलं ते विचारा. ग्राफिक्सचा ड्रायव्हर बदलला. रिझोल्यूशन कमी केलं. गेम काढून परत टाकला. तू अजून जुन्या सिस्टीमवरच आहेस असं त्याला खोटंसुद्धा सांगून बघितलं.”

“मग?”

“मग काय... काळोख.”

ठक्. ठक्.

सरांनी मान वळवली. “कोण ठोकतंय?”

“आप्पा. काठी आपटायलेत. पुढच्या खोलीत बसवलंय त्यांना. टीव्ही लावून दिला तर त्याच्यावर नुसता निळा पडदा. केबल गेली असणार. मी एकटा काय काय बघू? म्हणून दार लावून घेतलं.”

“काय म्हणतायत?”

“काय म्हणणार? कंटाळलेत.”

सरांनी डोळे मिटले.

“गेम बंद कर.”

इंजिन थांबलं. जरा वेळाने काठीही थांबली.

...

“लाव.”

इंजिन घुरघुरलं. ठक्. ठक्.

“बंद कर.”

काठी गप्प.

“सर, मी तुम्हाला आप्पांचं ऐकायला नाही बोलावलं. हे बघायला बोलावलंय.” सुयोगने काळ्या पडद्यावर बोट आपटलं.

“लाव.”

या वेळी काठी दार हादरेल अशी वाजली.

सरांनी हात लांब केला आणि स्क्रीनचं बटण दाबून ती बंदच करून टाकली.

“अहो सर! स्क्रीनच बंद केली तर दिसणार काय?”

“चालू होती तेव्हा काय दिसत होतं?”

...

सुयोगची कानशिलं तापली. इतक्या जागरणानंतर हे ऐकून घ्यायचं? काहीतरी लागट बोलायला त्याने तोंड उघडलं. पण समोर बघायला आता काहीच उरलं नव्हतं आणि काठी वाजतच होती.

दोन ठोके. थांबून एक.

दोन ठोके. थांबून एक.

त्याचं तोंड तसंच उघडं राहिलं. टँकर घेऊन घरी आले की आप्पा गल्लीच्या तोंडाशी असाच हॉर्न द्यायचे. दोनदा आखूड, मग एक लांब. तो ऐकला की लहानगा सुयोग ताटावरून उठून धावत सुटायचा. आप्पा त्याला केबिनमध्ये उचलून घेत आणि घरापर्यंतचं स्टिअरिंग त्याच्या हातात देत.

आप्पा कंटाळले नव्हते. आप्पा हाका मारत होते.

सुयोग उठला आणि त्याने दार उघडलं.

पुढच्या खोलीत, टीव्हीच्या भल्यामोठ्या पडद्यावर, घाट होता. हिरवागार, लख्ख, झाडाचं पान न् पान दिसत होतं. मधोमध त्यांचा ट्रक उभा होता आणि मागे खोळंबलेल्या गाड्यांची रांग लागली होती. आप्पांनी काठी टीव्हीवर रोखली होती आणि ते पोराकडे अशा नजरेने बघत होते, की एवढं शिकवून तुझा काय उपयोग.

गेल्या दिवाळीत आप्पांना फोटो दाखवायला सुयोगनेच भिंतीला भोक पाडून कॉम्प्युटरची वायर टीव्हीला जोडली होती, आणि नंतर विसरून गेला होता. नव्या सिस्टीमने टीव्हीलाच पहिला पडदा मानला. केबल गेलीच नव्हती, तो निळा पडदाही कॉम्प्युटरचाच होता. गेम उघडला, की तो इथे उघडत होता. पहिल्यापासून.

सुयोगने कपाळावर हात मारून घेतला. त्याला हसूही येत होतं आणि रडूही.

सर मात्र कामाला लागले होते. स्टिअरिंग टेबलावरून सोडवून त्यांनी उंबऱ्यापर्यंत आणलं. वायर ताणली गेली. सुयोग भानावर आला, त्याने आप्पांची खुर्ची सरकवत पुढे घेतली. हात जिथे पडून होता त्याच उशीवर स्टिअरिंग बसलं.

आप्पांनी काठी टाकून दिली. डाव्या हाताने उजवा हात उचलला, चाकावर ठेवला... आणि डावा काढून घेतला.

ट्रक हलला. कठड्याला घासला. खडकावर चढला, उतरला. मागच्या गाड्यांनी कर्णे फुंकून उच्छाद मांडला. आप्पांच्या कपाळाला घाम फुटला, पण करंगळीसकट सगळी बोटं वळली होती आणि चाक सोडत नव्हती.

पहिलं वळण निघालं. दुसरं निघालं. पुढे रेंगाळणाऱ्या लाल गाडीला आप्पांनी असं काही मागे टाकलं, की सुयोग लहानपणी ओरडायचा तसा ओरडला. आणि आप्पा हसले. तोंडाची एकच बाजू हसली, पण आवाज केवढा निघाला! आजारपणानंतर त्या घराने तो पहिल्यांदा ऐकला.

सुयोगने डोळे पुसले. पण हुशार विद्यार्थी तो, त्याला राहवेना. तो सरांच्या कानाशी वाकला.

“पण सर... बिघाड नक्की होता कुठं?”

सरांनी टीव्हीवरची नजर काढली नाही.

“गप बस. घाट लागलाय.”