हातातलं काम संपेपर्यंत

“थांब म्हटलं तरी जी थांबतच नाही, तिचं काय करावं, अक्का?”

“कोण? सून?”

डॉक्टर वामनराव गुळवणी ओशाळले. उभा जन्म त्यांनी संगणकशास्त्र शिकवण्यात घालवला होता. टेकडीवरच्या या मठात अक्कांचा सल्ला घ्यायला येताना प्रश्न कसा मांडायचा, याची वाटभर उजळणी केली होती. आणि पहिल्याच वाक्याला अक्का वाती वळता वळता हसल्या.

“सून नव्हे. सेवा. म्हणजे... एक छोटा प्रोग्राम. पडद्यावर दिसत नाही, मागे बसून काम करतो. घरातलं यंत्र सुरू झालं की आपोआप उठतो. वीज गेली, तर परत आल्यावर जिथं होता तिथून पुढं.”

“करतो काय?”

“ऐकतो.”

“कुणाचं?”

गुळवण्यांनी चष्मा काढून उगाचच पुसला.

“माझी मुलगी, ऋजुता. हॉस्टेलवर राहायची. तिच्यासाठीच लिहिला होता. घरून निघताना ती ‘निघाले’ असं पाठवायची, तिथं गेली की ‘पोचले’. इकडून सेवा उत्तर द्यायची, ‘बरं’.”

“सेवा द्यायची? तुम्ही नाही?”

“मी कामात असायचो...”

अक्कांनी वात ताटलीत ठेवली.

“मग तिनं शिक्षण अर्ध्यावर टाकलं. भांडण झालं. चूक कुणाची, यावर मी पुष्कळ विचार केलाय. अजून नक्की ठरत नाही. ती गेली... सवयीनं असेल, पण जाताना ‘निघाले’ तेवढं पाठवलंन्. त्यानंतर एक अक्षर नाही. वर्षं झाली. आता घर विकलंय. उद्या किल्ल्या द्यायच्यात.”

“मग बंद करा की.”

“सकाळीच ‘थांब’ असा हुकूम दिला. थांबत नाही.” गुळवण्यांचा आवाज खाली आला. “मीच तशी लिहिलीय. थांब म्हटलं की नवं काम घ्यायचं नाही, पण हातातलं पुरं झाल्याशिवाय उठायचंही नाही. चांगली सेवा अशीच असावी लागते, अक्का. अर्धवट टाकून जाणारी नको.”

“हातात काय आहे तिच्या?”

“ते ‘पोचले’ यायचं राहिलंय ना...”

देवळामागच्या चिंचेवर साळुंक्या भांडत होत्या.

“मान मुरगाळून बंद करायचा हुकूम नाही का तुमच्यात?”

“आहे. पोरांना पहिल्याच आठवड्यात शिकवायचो.”

“मग गुडघे दुखत असताना टेकडी कशाला चढलात, मास्तर?”

अक्कांनी नवी वात वळायला घेतली. “तिचा फोन नंबर?”

“आहे.”

“बदललेला?”

“नाही. तोच आहे. चौकशी केली मी, दुसऱ्यांकडून.”

“मग?”

गुळवणी ताठ बसले. वर्गातला आवाज आपसूक गळ्यात आला. “सेवा आपणहून कधी बोलत नसते, अक्का. हाक आली की ओ द्यायची. तो नियमच आहे. नाहीतर सगळा गोंधळ होईल.”

अक्का काही बोलल्या नाहीत. हात मांडीवर ठेवून त्यांच्याकडे नुसतं बघत राहिल्या.

विचार करत असतील, असं गुळवण्यांना वाटलं. ते थांबले.

ऊन ओसरीच्या पायरीवरून खाली उतरलं.

आपलं काही चुकलं असेल, असं वाटलं. मग वाटलं, बाईंना कळलंच नसेल. आपण फार अवघड करून सांगतो, हे ऋजुताही म्हणायची. उठून जावं, असंही वाटून गेलं. पण उत्तराशिवाय उठवेना.

अक्का बघतच होत्या. रागानं नाही. पानावर बसल्यावर ऋजुता अशीच बघायची. बाबा मान वर करतील, काही विचारतील, म्हणून... आणि बाबा वरण-भात कालवत कसल्या तरी विचारात असायचे.

गुळवण्यांचे डोळे भरून आले, ते त्यांना उशिरा कळलं.

शेवटी राहवेना.

“अक्का... बोला ना काहीतरी.”

अक्कांचा चेहरा एकदम सैल झाला.

“आधी कोण बोललं, मास्तर?”