ओसाड मुलूख

पश्चिमेकडे वाढत चाललेलं राज्य सगुणाबाईच्या गावापर्यंत येऊन ठेपलं. ओढा ओलांडून आलेले सरदार हैबतराव घोड्यावरूनच गरजले, "हा मुलूख ओसाड आहे, म्हणून आम्ही तो राज्याला जोडला. उद्यापर्यंत गाव खाली करा!"

सगळे माना खाली घालून उभे राहिले. म्हातारी सगुणाबाई तेवढी पुढे झाली.

"सरकार, मुलूख ओसाड आहे, तर हुकूम कुणाला सुनावताय?"

सरदारांचे शिपाईच हसले. ओशाळलेल्या हैबतरावांनी हद्दीचा दगड ओढ्यापलीकडे रोवला आणि ते निघून गेले.

गाव आनंदलं. सगुणाबाई मात्र उगवतीकडे बघत राहिली. असाच हुकूम ऐकून लहानपणी आईचं बोट धरून तिनं तिकडचं घर सोडलं होतं.

"तेव्हा कुणाला हे सुचलं असतं," ती पुटपुटली, "तर मला माहेर असतं."