दोन दगडांमधला आर

माळावर ते समोरासमोर दोन काळे दगड दिसतात ना, मधे निखाऱ्यांचा आर आहे तिथं. दगडांवर बसलेल्या दोघांशी आत्ता बोलू नका, बाळांनो. ती जागा भांडलेल्यांची आहे. का, ते माझ्या आजेसासूनं सांगितलं तसं सांगते.

फार मागे वरच्या वाडीत ठमाई म्हणून बाई होती. नवरा गेलेला, एकुलता एक लेक वाळकू. रानडुकराच्या शिकारीला दोन्ही वाड्यांची माणसं गेली. झुडूप हललं, खालच्या वाडीच्या चांगूनं तीर सोडला. झुडपात डुक्कर नव्हतं, वाळकू होता.

वाळकूच्या दिवसाला इथंच आर पेटवला. त्याच्या नावाचं बकरं सोलून ओल्या दांडक्याला बांधलं. तेवढ्यात चांगू एकटाच डोंगर चढून आला, मान खाली घालून उभा राहिला. ठमाईचा दीर धाऊ कोयता घेऊनच उठला.

"भाऊजी, थांबा," ठमाई म्हणाली. "माझ्या लेकाच्या नावाचं अन्न आरावर आहे. ते उतरेपर्यंत इथं रक्त सांडायचं नाही."

"मग लाकडं घाला, वैनी. झटक्यात भाजू."

"जाळावर वरून करपतं, आत कच्चंच राहतं. वाळकूला कच्चं घालू?"

तिनं पेटती लाकडं ओढून काढली, नुसता निखारा ठेवला. दांडकं फिरवायला दोघं लागतात. एका टोकाला तिनं धाऊला बसवलं, दुसऱ्या टोकाला चांगूला. एकानं फिरवलं आणि दुसरा थांबला तर बकरं कलतं, एका अंगानं जळतं. म्हणून दोघांना एकमेकांच्या हाताकडं बघावंच लागलं. सकाळपासून ऊन उतरेपर्यंत चरबी निखाऱ्यावर ठिपकत होती.

"अरे, हळू!" धाऊ एकदाच खेकसला. "जाळतोस काय माझ्या पुतण्याचं?"

चांगूला म्हणे तिथंच रडू फुटलं. पण दांडकं त्यानं सोडलं नाही.

मांस हाडापासून सुटलं. "उतरवा," ठमाई म्हणाली. धाऊनं कोयता उचलला. त्यानं पुढच्या पायाच्या फरीचा पहिला तुकडा तोडला आणि चांगूपुढं धरला.

"वैनीला दे. लेक गेल्यापासून तिच्या पोटात अन्न नाही."

चांगूनं ओंजळीत धरून दिला. ठमाई बराच वेळ त्या ओंजळीकडं बघत राहिली. मग तिनं घास घेतला.

आजही आमच्या जत्रेचं बकरं जाळावर भाजत नाहीत. दांडक्याच्या दोन टोकांना वर्षभर अबोला धरलेली माणसं बसवतात. समेट होतोच असं नाही, बाळांनो. पण मांस उतरेपर्यंत उठता येत नाही.

यंदा बसलेत ते माझे दोघे लेक. मघाशी धाकटा म्हणाला, "दादा, हळू."