हातातला बाप

"माझ्या हातातला बाप काढून देता का, वस्ताद?"

उदाजीने गुलाब वस्तादांना विचारलं. पीराच्या दर्ग्याला लागून असलेल्या त्या जुन्या तालमीत ते कुस्तीच्या हौद्याच्या काठावर बसले होते आणि तांबड्या मातीत ताक कालवत होते. त्यांची मान कायमची डाव्या खांद्यावर कललेली. तीस वर्षांपूर्वी उदाजीच्या बापाने, सर्जेराव पैलवानाने, भर मैदानात ती आवळली होती. तेव्हापासून वस्ताद जगाकडे तिरपेच बघत आले.

मागून गळ्यात हात घालायचा आणि समोरच्याने माती थोपटून हार मानली तरी सोडायचं नाही, हा सर्जेरावाचा डाव. दोन पैलवान त्यात जिवाला मुकले. लोक त्या डावाला फास म्हणत. सर्जेराव मरून बारा वर्षं झाली, तरी गावात कुणी पोराचं नाव सर्जेराव ठेवलं नाही.

बापाचा डाग पुसायचा म्हणून उदाजी पैलवान झाला. देखणी कुस्ती करायचा. पाडलेल्याला स्वतः हात देऊन उठवायचा. पंचक्रोशीत त्याचे फलक लागत आणि ते बघायला तो मुद्दाम वाट वाकडी करून जाई.

"झालं काय?" वस्तादांनी विचारलं.

"शुक्रवारी सरावात जोडीदाराच्या गळ्यात हात गेला. मी घातला न्हाय, वस्ताद. आपसूक गेला. त्यो माती थोपटत हुता म्हणं. चौघांनी वढून काढलं मला... त्यो अजून दवाखान्यात हाय. बोलत न्हाय."

"डाव शिकिवला कुणी?"

"कुणीच न्हाय, आयेची आण! बाप जित्ता हुता तवर त्यानं मला तालमीत पाऊलबी टाकू दिलं न्हाय."

"मग?"

"बायको म्हनती, झोपंत उशी आवळता. ती आता पलीकडच्या खोलीत आतनं कडी घालून निजती." उदाजीने उजवा हात पुढे केला. "आन् ह्यो अंगठा बघा. बापाचा मोडून वाकडा झाल्याला. माझा कधी मोडला न्हाय... तरीबी बघा."

अंगठा वाकडा होता.

वस्तादांनी तो हात हातात घेतला. उदाजीच्या तोंडाकडे त्यांनी पाहिलंच नाही.

"या, सर्जेराव," ते हाताला म्हणाले. "लई दिसांनी आलासा."

दुपारचं लख्ख ऊन दारात होतं, तरी उदाजीच्या अंगावर सरसरून काटा आला. आढ्यावरची कबुतरं घुमायची थांबली होती.

"वस्ताद, परवा कुस्त्यांचं मैदान हाय. पुढचा गडी वीस वर्साचा. पुन्हा तसं झालं तर मरंल वो त्यो. मी उतरू का नको, तेवढं सांगा."

वस्ताद उठले. हौद्यात उतरले, गुडघे टेकून बसले आणि त्याच्याकडे पाठ केली.

"घाल."

"वस्ताद!"

"घाल म्हणतोय न्हवं."

हात गेले. त्या कललेल्या मानेत ते असे बसले, जणू तीस वर्षं ती जागा त्यांच्यासाठीच राखून ठेवली होती.

"मी न्हाय..." उदाजी पुटपुटला. "मी न्हाय करत..."

वस्तादांच्या तळव्याने माती थोपटली. एकदा.

उदाजीला ऐकू आलं.

दुसऱ्यांदा... तेही ऐकू आलं. मनगटाखाली म्हाताऱ्याची नाडी फडफडत होती. वाकडा अंगठा आणखी रुतला. आणि उदाजीला बरं वाटलं. अगदी आतून, पोटातून बरं वाटलं. पुढे जन्मात ही गोष्ट त्याने कुणाला सांगितली नाही.

तिसऱ्यांदा तळवा उचलला गेला, पण मातीवर पडला नाही.

त्या बरं वाटण्याचीच उदाजीला एकाएकी भीती वाटली. तो ओरडला. हात उघडले आणि तो मागे मातीत कोसळला.

वस्ताद खोकत राहिले. बराच वेळ. पडलेली टोपी त्यांनी चाचपडत शोधली, झटकली, डोक्यावर घातली.

उदाजी रडत होता आणि हसतही होता. लहान मुलासारखे दोन्ही तळवे त्याने वस्तादांपुढे धरले.

"मान सोडली! बघितलंसा न्हवं, वस्ताद? कुणी वढून काढलं न्हाय. मी सोडली! माझ्या हातांनी सोडली!"

वस्तादांनी तिरप्या मानेने त्याच्याकडे पाहिलं. आल्यापासून पहिल्यांदाच, तोंडाकडे.

"आन् आवळली कुणाच्या हातांनी?"